डोमाजीचा चौथा प्रश्न

"बाई, तुम्ही जेवता कोणासंग?"

डोमाजी माझ्याशी बोलला ते हे पहिलं वाक्य. मी तेव्हा चोवीस वर्षांची, लग्न व्हायचं होतं, वर्ध्याकडून नर्स म्हणून नेमणूक होऊन गावात येऊन जेमतेम चार दिवस झालेले. आणि खाकी शर्टातला, पन्नाशीला आलेला, सायकलला टेकून उभा असलेला एक परका माणूस मला हे विचारतो म्हणजे काय! मी म्हटलं, "तुम्हाला काय करायचंय? घरी आयाबहिणी नाहीत का?" आणि धाडकन दार लावलं. बाहेरून शांतपणे आवाज आला, "म्हंजे एकटीच जेवते." मग भिंतीवर काहीतरी खरडल्याचा आवाज, आणि मग "टिंग टिंग, टिंग टिंग" करत सायकल गेली. सायकलला घंटी नव्हती. ती टिंग टिंग हा गृहस्थ स्वतःच्या तोंडानं करत होता.

मी तडक दवाखान्यात जाऊन तक्रार केली. कंपाउंडर पोट धरधरून हसला. म्हणाला, "अवो बाई, तो मलेरियावाला डोमाजी हाये. तो सगळ्याइलेच विचारते."

गाव सिहोऱ्याहून बपेऱ्याकडे जाताना लागतं. नाव सांगत नाही, कारण यातली बरीच माणसं अजून आहेत आणि वाचणारी आहेत. दीडशे-पावणेदोनशे घरं, चहूकडे धानाच्या बांध्या, आणि दर चार घरांमागे एक डबकं. डास तर असे, की कंदिलाभोवती दिसायचे नाहीत, कंदीलच दिसायचा नाही. मलेरियाच्या कामगारानं दर पंधरा दिवसांनी प्रत्येक घरी जायचं, तीन प्रश्न विचारायचे: घरात कोणाला ताप आहे का? मागल्या पंधरा दिवसांत कोणाला येऊन गेला का? परगावाहून कोणी पाहुणा आलाय का? ताप असेल तर बोटाला टोचून काचपट्टीवर रक्त घ्यायचं, गोळ्या द्यायच्या, आणि भिंतीवर आखलेल्या चौकोनात तारीख घालून सही करायची. सरकारचे प्रश्न तीनच. चौथा डोमाजीचा स्वतःचा.

लिहिताना मी अरे-तुरे करतेय खरी, तोंडावर मात्र डोमाजीभाऊच म्हणायची. नसबंदीच्या त्या दिवसांत खाकी कपडा दिसला की गावातले गडी बांध्यांमधून पळत सुटायचे. डोमाजी दिसला की तेच गडी थांबायचे आणि म्हणायचे, "काय गा डोमाजी, बस ना, भात टाकला हाये." आणि हा बसायचा! बारा घरी बारा घास. त्याची बायको सीताबाई कपाळावर हात मारायची. "याइचं लगन माह्यासंग झालं का गावासंग, मले अजून समजून नाही राहिलं."

आमची दिलजमाई सीताबाईनंच केली. मी दार लावलं तो मंगळवार; त्याच संध्याकाळी ती माझ्या दारात उभी. "बाई, चला जेवाले. नाही म्हनाचं नाही, लाखोळीची दाळ शिजली हाये." मी गेले. राग होता, पण भूक जास्त होती. तेव्हापासून मंगळवार त्यांच्याकडे, आणि हळूहळू गुरुवार कंपाउंडरच्या घरी, आणि शनिवारी शाळेतल्या बाई माझ्याकडे. कोणी ठरवलं, कसं ठरवलं, मला आजतागायत कळलेलं नाही. एवढं मात्र खरं, की पहिल्या चार रात्री मी ताटावर बसून रडले होते आणि नंतर रडले नाही.

महिन्याभरानं माझं लक्ष गेलं. माझ्या दाराशेजारच्या चौकोनात डोमाजीच्या सहीखाली गेरूचा एक लाल ठिपका होता. गावात फिरले तर आणखी आठ-दहा घरांवर तसाच ठिपका. मंगळवारी ताटावर बसताच विचारलं, "हे काय प्रकरण आहे?"

डोमाजीनं आधी दाराकडे पाहिलं. मग हळूच म्हणाला, "डोकं फिरन्याचं डबकं."

या माणसानं अठरा वर्षं घरोघर हिंडून एक गोष्ट टिपून ठेवली होती. त्याच्या टापूत तेवढ्या काळात सात माणसांची डोकी फिरली. कोणी दिवसरात्र भिंतीशी बोलायला लागला, कोणाला वाटे शेजारी अन्नात विष घालतात. गाव म्हणायचं करणी, गाव म्हणायचं बाहेरचं लागलं. डोमाजी देवीला हात जोडायचा, भगताशी भांडायचा नाही, पण आपला हिशोब सोडायचा नाही. "पाहा बाई. सातातले पाच पंचविशीच्या आतले. चौघं बाहेरगावाहून परतलेले नाहीतर बाहेरगावाहून इथं येऊन पडलेले. सहाइच्या हाताले काम नव्हतं. तिघाइची माय लहानपनीच गेलेली. दोघं चिलमीवाले. दोघाइच्या घरी मामा नाहीतर आजा तसाच होता. आणि सात-च्या-सात एकटे जेवत होते जी!"

"मग मी काय वेडी होणार आहे?" मी ताटावरून उठायलाच निघाले.

"बसा वो! डबकं दिसलं म्हंजे ताप आलाच असं थोडी हाये? दहा डबक्याइत एखांद्यातच डास होते. पण डबकं दिसलं का नजर ठेवाची. पानी वाहतं राहिलं का काही होत नाही. माणसाचंबी तसंच हाये." मग माझ्या ताटात आणखी एक डाव भात घालत म्हणाला, "तुम्ही आता वाहून राहिल्या."

माझ्या पुढच्या नोकरीत पुष्कळ प्रशिक्षणं झाली, पुष्कळ साहेबांची भाषणं ऐकली. डोमाजीनं भाताच्या डावानिशी सांगितलं त्यापेक्षा फार वेगळं कोणी सांगितलं नाही. उलट तिथं जेवणही बेचव असायचं.

पण शहाणा माणूस चुकतो तेव्हा मोठा चुकतो. डोमाजीला वाटायचं, ठिपक्याचा अर्थ आपल्याला एकट्याला ठाऊक. अरे बाबा, गाव आहे ते! ज्या घरी ठिपका त्या घरी डोमाजी जास्त वेळ बसतो, हे बायांनी दुसऱ्याच पंधरवड्यात हेरलं होतं. आणि बायांनी हेरलं ते पिठाच्या चक्कीवर गेलं, आणि चक्कीवर गेलेली गोष्ट कधी तिथंच राहिली आहे का!

तुळशीराम म्हणून एक धानवाले शेतकरी होते. बायको फार पूर्वी वारली होती. मुलगा सुरेश बाविशीचा, मुलगी मंदा एकोणीसची. सुरेश दोन वर्षं भिलाईला कोण्या ठेकेदाराकडे होता. ठेका संपला तसा परतला. बरोबर एक पत्र्याची पेटी आणि एक विचित्र गप्पपणा घेऊन आला. सपरीत, म्हणजे त्यांच्या ओसरीवर, भिंतीकडे तोंड करून बसायचा. जेवण कोठ्यात बैलांजवळ, एकटाच. डोमाजीनं बोटं मोजली आणि ठिपका लावला. दर मंगळवारी तिथं अर्धा तास बसायला लागला.

त्याच उन्हाळ्यात मंदाला पाहायला तुमसरकडून पाहुणे आले. पोहे झाले, चहा झाला, मुलगी पसंत दिसली. निघताना मुलाच्या मामाची नजर भिंतीवर गेली. त्यांच्या गावच्या चौकोनात ठिपका नव्हता. मामा कामाचा माणूस. पान आणायच्या निमित्तानं चक्कीवर गेला आणि विचारून आला. परत आल्यावर आवाजच बदललेला. "कळवतो," म्हणाला. आमच्याकडे पाहुणा 'कळवतो' म्हणाला की तिथंच कळलं म्हणून समजायचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मंदा दवाखान्यात आली. हाताला कोपरापर्यंत छुई, आमच्याकडची ती भिंत सारवायची पांढरी माती. आल्या आल्या डोमाजीपुढे उभी राहिली.

"पुसला तुमचा ठिपका! सगळी भिंतच सारवून टाकली. काका, माह्या भावाचं काय व्हाचं ते होईल, पण तुम्ही त्याले गावभर पागल करून ठेवलं. आता बाप त्याले बाहेर पडू देत नाही. काल सांजेपासून कोठ्यात घालून कडी लावली हाये. म्हणते, दिसला नाही तर लोकं विसरतीन. तुमच्या ठिपक्यापायी माहा भाऊ बैलाच्या दावनीले गेला!"

त्या पोरीचे डोळे कोरडे होते आणि आवाज मात्र फाटत होता. मला तिची दया आली आणि खरं सांगते, डोमाजीचा भयंकर राग आला. मी म्हटलंही, "झालं समाधान? नजर ठेवता ना? ठेवा आता!" तो उठला आणि निघून गेला. टिंग टिंग ऐकू आलं नाही. सीताबाई सांगत होती, त्या दिवशी तो कुठंच जेवला नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी उठून पाहते तर गावात गलका. डोमाजी गेरूचा डबा घेऊन निघाला होता आणि प्रत्येक घरावर, एकही न सोडता, ठिपका लावत चालला होता. गुरुजींच्या घरावर ठिपका. डॉक्टरांच्या क्वार्टरवर ठिपका. चक्कीवाल्याच्या घरावर चांगला रुपयाएवढा ठिपका. स्वतःच्या घरावर तर सगळ्यात आधी. मागे पोरंसोरं, बाया, रिकामटेकडे, अशी वरातच निघालेली.

सरपंचाच्या घरासमोर वरात अडली. सरपंच धोतराचा सोगा सावरत बाहेर आले. "डोमाजी! माह्या घरावर ठिपका? मी काय पागल दिसून राहिलो तुले?"

डोमाजी जवळ गेला. सगळ्यांना ऐकू जाणार नाही अशा आवाजात बोलला, पण मी शेजारीच होते. "पंच, तुमची लहानी सून राजनांदगावाकडची. तिची बोली तुमच्या घरात कोणाले येत नाही. सहा महिने झाले, ती विहिरीवर एकटी, चुलीपाशी एकटी. मांगच्या खेपेले मी बोट टोचलं तर तिनं 'आई' बी नाही म्हटलं. तुमच्या घरी तर मी पयलेच ठिपका लावाले पायजे होता. मीच भेलो."

सरपंचांनी वळून आत चुलीकडे पाहिलं. मग म्हणाले, "लाव. पण जरा खाली लाव, दारावरच्या गणपतीले लागू देऊ नको."

त्यानंतर कोणी अडवलं नाही. दुपारपर्यंत अख्खं गाव ठिपक्यांचं झालं. आता ज्याला त्याला आपल्या ठिपक्याचं कारण हवं! "आमच्या घरी कोणासाठी लावला गा?" आणि डोमाजी प्रत्येकाला खरं ते सांगायचा. तुझी सासू मोतीबिंदूनं घरात बसली आहे, तिच्याशी कोण बोलतं? तुझा पोरगा मॅट्रिकला दोनदा नापास, बोडीच्या, म्हणजे तळ्याच्या, पाळीवर एकटा बसतो, तू त्याला दिवसातून किती वेळा 'नालायक' म्हणतोस? असं घर निघालं नाही की जिथं सांगायला काही नव्हतं. मी गंमत पाहायला निघाले होते आणि तिसऱ्या गल्लीपर्यंत माझं हसू आटलं.

पंधरा दिवसांनी तपासणीला साहेब आले. "हे लाल ठिपके कसले? नमुन्यात तर नाहीत!" डोमाजी टाचा जुळवून म्हणाला, "साहेब, घरातलं प्रत्येक माणूस स्वतःच्या डोळ्यानं पाहिल्याची खूण." साहेबांनी वहीत 'काम समाधानकारक' असा शेरा मारला. थापा मारण्यात हा माणूस अव्वल होता, आणि ही थाप तर निम्मी खरीच होती.

पण ठिपके लावून कडी निघत नव्हती. त्या दिवशीच वरात संपल्या संपल्या, हात गेरूनं माखलेले, तो तसाच तुळशीरामच्या सपरीत जाऊन बसला. मला म्हणाला, "बाई, तुम्हीबी चला." सारवलेल्या कोऱ्या भिंतीवर त्यानं नवा चौकोन आखला आणि म्हणाला, "तुळशीराम, सही कराची हाये. घरातले सगळे मानसं दिसल्याबिगर मी सही करत नाही."

"सुरेश गावाले गेला," तुळशीराम म्हणाले.

"येऊ दे. मी बसतो."

एक तास गेला, दोन गेले. तुळशीराम आत-बाहेर करत होते. शेवटी मंदाच पुढे झाली. बापाकडे न पाहता मागे गेली आणि कडी काढली. डोमाजी म्हणाला, "मंदे, दोन ताटं आन. तिकडंच."

त्या कोठ्यातलं दृश्य मी विसरणार नाही. बैलांच्या पायाशी गवतावर बसलेला सुरेश, दाढी वाढलेली, नखं वाढलेली. समोर मांडी घालून डोमाजी. मध्ये दोन ताटं भात आणि अंबाडीची भाजी. मी दारात.

"कसं गा सुरेश, झोप लागते?"

त्यानं ताटातला भात चिवडला. मग सुरेश म्हणाला, "राइस मिलचा भोंगा माहं नाव घेते."

मी तोंड उघडणार होते, की असं काही नसतं. डोमाजीनं हातानंच मला गप्प केलं. "काय म्हणते?"

"म्हणते, वापस जा."

"कुठं?"

"तेच तर समजून नाही राहिलं, काका. भिलाईले आता कोणी नाही. इथंबी कोणी नाही. मी कुठं जाऊ?" आणि तो दांडगा पोरगा हमसून हमसून रडायला लागला. बाहेर तुळशीराम भिंतीला धरून उभे होते, तेही.

"आधी जेव," डोमाजी म्हणाला. "जेवल्यावर आपन दोघंबी जाऊ."

आणि गेले. दुसऱ्या दिवशी पहाटेच्या एसटीनं डोमाजी, सुरेश आणि तुळशीराम तुमसर, भंडारा करत नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात पोचले. भंडाऱ्याच्या स्टँडवर सुरेश बसून राहिला, उठेचना. म्हणे सगळे आपल्याकडेच पाहतात. डोमाजीनं एक ऑटोवाला, एक फुटाणेवाला आणि एक कंडक्टर जमवून सगळ्यांसमोर स्वतःच इतका मोठा आवाज करून शिंकायला सुरुवात केली, की लोक डोमाजीकडेच पाहायला लागले. "पाह्य, आता तुह्याकडे कोणीच नाही पाहून राहिलं. चाल." नागपूरच्या डॉक्टरांनी विचारलं, "तुम्ही याचे कोण?" हा म्हणाला, "मी मलेरिया." डॉक्टर म्हणाले, "मलेरियाचा इथं काय संबंध?" तर म्हणाला, "ते लांब हाये साहेब. बसू काय?" आणि बसला. ते डॉक्टर म्हणे पूर्ण अर्धा तास ऐकत होते. शेवटी म्हणाले, "लवकर आणलंत, हे बरं केलंत."

गोळ्या सुरू झाल्या. जादू झाली नाही, सांगून ठेवते. आधी पोरगा नुसता झोपायचा, तोंड कोरडं पडायचं, हात थरथरायचे. भोंग्यानं नाव घेणं कमी होत होत सहा-सात महिन्यांनी थांबलं. भगताचा अंगाराही चालू होता, डोमाजी म्हणायचा, "अंगारा कपाळाले, गोळी पोटात. दोघाइचं भांडन नाही." पुढल्या पावसाळ्यात धानाच्या रोवणीला सुरेश बांधीत उतरला, आणि त्याच्या पुढल्या वर्षी सिहोऱ्याच्या रस्त्यावर त्यानं सायकल दुरुस्तीचं दुकान टाकलं. पहिलं काम त्यानं काय केलं असेल? डोमाजीच्या सायकलला चकचकीत घंटी बसवून दिली. डोमाजीनं ती दोन दिवस वाजवली आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा तोंडानं टिंग टिंग सुरू. म्हणे, "घंटी वाजवली का लोकं रस्त्यातून सरकतेत. तोंडानं केलं का हासतेत."

मंदाला पुन्हा पाहुणे आले. या खेपेला तिनं कोणाला चक्कीवर जायची पाळीच येऊ दिली नाही. पोह्यांची ताटली ठेवली आणि उभ्या उभ्याच म्हणाली, "माह्या भावाले डोक्याच्या गोळ्या चालू हायेत. चालत असंल तर बसा, चहा ठेवतो. नाही तर पोहे खाऊन जा, राग नाही." मग मुलाची आत्या म्हणाली, "ठेव वो पोरी चहा. कोणाच्या घरी नाही? आमच्या बी घरी एक हाये." मंदाच्या लग्नात डोमाजी पंगतीत चार वेळा बसला. प्रत्येक पंगतीत कोणीतरी एकटं दिसलं म्हणे.

पुढं माझी बदली भंडाऱ्याला झाली, लग्न झालं, संसार झाला. डोमाजी निवृत्त झाला. सीताबाई गेल्याचं मला उशिरा कळलं, आणि मी गेले नाही. ते मनाला लागून राहिलं होतं. अखेर एका मंगळवारी बपेऱ्याची एसटी धरली आणि गावच्या फाट्यावर उतरले.

डोमाजी सपरीत बसलेला. पार वाळलेला. मुलगा पुण्याला, वर्षातून एकदा येतो. मला ओळखलं, हसला, पण बोलणं दोन शब्दांत संपायचं. नजर भिंतीकडे जायची. घरात चूल सारवलेली, पण थंड. मी मनातल्या मनात त्याचीच बोटं मोजायला लागले: हाताला काम नाही, घरात दुसरं माणूस नाही... साऱ्या गावावर नजर ठेवणाऱ्यावर नजर कोण ठेवणार? मी भिंतीकडे पाहिलं. जुना चौकोन होता. त्याखाली गेरूचा ठिपका, ताजा. आणि चौकोनात दर पंधरवड्याची नाही, दर आठवड्याची तारीख आणि सही. सही डोमाजीची नव्हती.

तेवढ्यात गल्लीतून आवाज आला. "टिंग टिंग, टिंग टिंग!"

सुरेश होता. पस्तिशीकडे आलेला, पोट सुटलेला, हाताला ग्रीस. सायकल स्टँडवर लावली, मला नमस्कार केला आणि डोमाजीपुढे उभा राहून अगदी सरकारी आवाजात विचारायला लागला.

"घरात कोणाले ताप?"

"नाही."

"येऊन गेला काय?"

"नाही जी."

"पाहुना?"

"ह्या बाई आल्या भंडाऱ्याहून."

"काल रातच्याले जेवले कोणासंग?"

डोमाजीनं छताकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "सगळ्याइसंग."

"काका," सुरेश म्हणाला, "खोटं बोलाल तर सही करत नाही."

डोमाजी खाली मान घालून नखानं सपरीची माती उकरत राहिला. मग पोरांनी चोरी कबूल करावी तशा आवाजात म्हणाला, "एकटाच जेवलो बा."

सुरेशनं सायकलच्या हँडलला अडकवलेला जेवणाचा डबा काढला. "सरका तिकडं," म्हणाला, आणि मांडी घालून बसला. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "बाई, आतून तीन ताटं आना."